कपडा उलटा करून बघा: हाय स्ट्रीट, व्हिंटेज आणि शिवणीतली माया

(या भागाचा लेखी मजकूर. लोकलमध्ये रेंज जात असेल किंवा इयरफोन घरी राहिला असेल, तर इथे वाचा.)



मी ठाण्याची, वर्तकनगरची. फॅशन डिझाइनच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेज नवी मुंबईत, त्यामुळे दिवसातले दोन तास ट्रान्सहार्बर लोकलमध्ये उभं राहून लोकांचे कपडे बघण्यात जातात. अभ्यासच म्हणा की तो. आणि मी फॅशन शिकते हे कळलं की मैत्रिणी, चुलत बहिणी, बिल्डिंगमधल्या काकू सगळ्या एकच प्रश्न विचारतात: झुडिओमधून घेऊ की इन्स्टावरच्या थ्रिफ्ट पेजवरून? नवं स्वस्त की जुनं भारी?

माझं उत्तर असं आहे की आधी तो कपडा उलटा करून बघ. आजचा भाग एवढ्यावरच आहे. पण तिथे पोहोचायला थोडं फिरून जावं लागेल.

आधी दोन शब्द. ‘हाय स्ट्रीट’ हा ब्रिटिशांचा शब्द. गावातला जो मुख्य बाजाराचा रस्ता, तो हाय स्ट्रीट. तिथे जे सर्वसाधारण माणसाला परवडेल असं मिळतं, ती हाय स्ट्रीट फॅशन. मग ठाण्याची हाय स्ट्रीट कुठली? गोखले रोड आणि राममारुती रोड. डोंबिवलीकरांची फडके रोड. मॉल नंतर आले. आमच्या जवळचा विवियाना 2013 मध्ये उघडला. (त्याचं नाव आता बदललंय, पण रिक्षावाल्याला अजून विवियानाच सांगावं लागतं.) दिवाळीच्या पहाटे या रस्त्यांवर जी गर्दी होते ना, नऊवारी, गॉगल, धोतरावर स्नीकर्स, आईची पैठणी आणि त्यावर डेनिम जॅकेट, त्याच्याइतकी चांगली स्ट्रीट स्टाइल मी कुठल्याही परदेशी मासिकात बघितलेली नाही. तिथे कोणी स्टायलिस्ट नसतो. घरातलं कपाट असतं आणि बाजारातला एखादा नवा तुकडा असतो.

दुसरा शब्द ‘व्हिंटेज’. मुळात द्राक्षांच्या हंगामाचा आणि वाइनच्या वर्षाचा. कपड्यांच्या धंद्यात साधारण 20 वर्षांहून जुनं आणि आपल्या काळाची खूण बाळगणारं ते व्हिंटेज. शंभरी ओलांडली की अँटिक. म्हणजे गंमत बघा, ताईची 2004 ची लो-वेस्ट जीन्स आता हिशोबाने व्हिंटेज झाली. ताईला हे सांगू नका.

आता वर्तकनगर. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना हा भाग टॉवर्स, उपवन तलाव आणि कॅडबरी जंक्शनच्या ट्रॅफिकमुळे माहीत असेल. पण ‘रेमंड’ हे नाव आहे ना, सूटिंगवालं, ते इथलं आहे. 1925 मध्ये ठाण्यात ही लोकरीची मिल सुरू झाली. 1944 मध्ये सिंघानियांनी ती घेतली. 1958 मध्ये मुंबईत बॅलार्ड इस्टेटला त्यांचं पहिलं शोरूम उघडलं. जेकेग्राम म्हणजे पोखरण रोड नंबर एक, आमच्या घरापासून चालत. माझे आजोबा या मिलमध्ये विणाई खात्यात होते. 2009-10 च्या सुमारास इथलं उत्पादन थांबलं, आणि 2019 पासून त्याच जमिनीवर घरांचे टॉवर उभे राहू लागले. मुंबईत हे आधीच झालेलं. 1905 मध्ये सुरू झालेल्या फिनिक्स मिलच्या जागेवर लोअर परळला मॉल आला आणि त्याचं नाव काय ठेवलं? हाय स्ट्रीट फिनिक्स! माझ्या पूर्ण अभ्यासक्रमाचा सारांश त्या एका पाटीत आहे असं मला कधी कधी वाटतं.

बरं. आजोबांचा एक कोट आमच्या घरी आहे. करड्या रंगाचा, बारीक रेघांचा. 1976 चा, त्यांच्या धाकट्या भावाच्या लग्नात शिवलेला. कापड मिलचं, शिलाई जांभळी नाक्याच्या एका शिंप्याची. आजोबा गेल्यापासून तो डांबराच्या गोळ्यांसकट वरच्या बॅगेत होता. यंदा सगळीकडे ओव्हरसाइज ब्लेझरचं फॅड आहे, तुम्ही बघताच आहात. मॉलमध्ये त्यातला एक ब्लेझर मी घालून पाहिला. हुबेहूब तोच करडा रंग, तशाच रेघा, तसेच रुंद खांदे, आणि टॅगवर कौतुकाने लिहिलेलं ‘व्हिंटेज फिट’. मी तो ट्रायल रूममध्येच उलटा केला. (हो, आम्ही हे करतो. बाहेर रांग असली तरी.) घरी येऊन आजोबांचा कोट काढला आणि तोही उलटा केला.

आता नीट ऐका, कारण खरा फरक इथे आहे.

मॉलमधल्या ब्लेझरच्या शिवणी ओव्हरलॉक केलेल्या. शिवणीच्या पलीकडे कापड किती उरलंय? जेमतेम एक सेंटिमीटर. छातीच्या भागाला आतून जो ताठपणा लागतो, तो गोंद लावलेलं इंटरलायनिंग गरम दाबून चिकटवलेला. याला फ्यूजिंग म्हणतात. स्वस्तातलं फ्यूजिंग धुलाईत सुटलं की कापडावर बारीक फोड आल्यासारखं दिसतं, आणि ते दुरुस्त होत नाही.

आजोबांच्या कोटात आत कॅनव्हास आहे, हाताच्या टाक्यांनी बसवलेला. टाके वाकडेतिकडे आहेत, पण ते आहेत म्हणूनच तो कोट अंगावर वळतो. पाठीच्या मधल्या शिवणीत दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच कापड आत दुमडलेलं. बाहीच्या टोकाला दोन इंच. बाजूच्या शिवणींमध्ये इंचभर. आणि पाठीच्या शिवणीत आत, जिथे कोणी कधी बघणार नाही, तिथे कापडाचा काठ येतो आणि त्या काठावर मिलचं नाव विणलेलं.

हे जे जास्तीचं कापड शिवणीत ठेवतात, त्याला शिंपी काय म्हणतात माहितीय? माया.

“माया किती ठेवू?” हे वाक्य तुम्ही आईबरोबर ब्लाउज शिवायला गेला असाल तर शंभरदा ऐकलंय. ब्लाउजच्या आत दोन-तीन शिलाया शेजारी शेजारी असतात त्या यासाठीच. लग्नातला ब्लाउज दहा वर्षांनी एक शिलाई उसवली की परत बसतो. माझ्या इंग्रजी पुस्तकांत याला जो शब्द आहे तो बँकेच्या फॉर्मवर शोभेल असा आहे. मराठी शिंप्यांनी ‘माया’ म्हटलं. माणूस जाड होणार, बारीक होणार, बाळंत होणार, त्याचा कोट मुलगा घालणार, हे सगळं त्या दीड इंचात धरलेलं असतं.

मग कारखान्यात माया का ठेवत नाहीत? वाईटपणाने नाही, हिशोबाने. तयार कपड्याच्या खर्चात कापडाचा वाटा सगळ्यात मोठा. समजा एका नगामागे फक्त पाच सेंटिमीटर कापड वाचवलं. एक लाख नग काढले तर पाच किलोमीटर कापड वाचलं. वर्तकनगरहून निघून स्टेशनपर्यंत कापडाची पट्टी अंथरत गेलात तरी शिल्लक राहील. शिवाय तो कपडा तुमच्या मापाचा नसतोच. एस, एम, एल, एक्सएल अशा चार-पाच काल्पनिक माणसांसाठी तो कापलेला असतो. तुमचं वजन वाढलं तर कंपनीचं म्हणणं सोपं आहे: वरचा साइज घ्या.

इथे एक गोष्ट सांगून टाकते, कारण मग कमेंटमध्ये भांडणं होतात. झुडिओत जाणाऱ्यांना हसणाऱ्या लोकांचा मला मनापासून राग येतो. झुडिओ आणि वेस्टसाइड ही टाटांच्या ट्रेंट कंपनीची दुकानं. 2010 मध्ये झारा भारतात आली तीही ट्रेंटबरोबरच्या भागीदारीत. म्हणजे गरिबाचं दुकान आणि श्रीमंताचं दुकान एकाच घरातून चालत होतं. हजाराच्या आतल्या टॉपमुळे माझ्या वर्गातल्या, चाळीतून येणाऱ्या मुली मोठ्या घरच्या मुलींच्या शेजारी बिनधास्त बसतात. आधी ‘कपडे कुठून घेतलेस’ या प्रश्नाला पोटात गोळा यायचा. हे छोटं काम नाही. मीही तिथून घेते. आज घातलेली पँट तिथलीच आहे.

मला खटकतं ते वेगळं. जुन्या कपड्याचा चेहरा घ्यायचा आणि आतलं काहीच घ्यायचं नाही, हे. नवी जीन्स जुनी दिसावी म्हणून ती दगडांबरोबर किंवा एन्झाइम घालून धुतात. आपल्या शेजारी उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये जीन्सचा केवढा मोठा धंदा आहे, आणि त्या धुलाईचं निळं पाणी वालधुनी नदीत कसं जायचं हे कल्याणवाल्यांना सांगायला नको. म्हणजे दहा वर्षं वापरून जे घडतं ते अर्ध्या तासात मशीनमध्ये करायचं, आणि झीज नदीने सोसायची.

मराठी व्हिंटेजचंही तेच. खण बघा. गुळेदगुड्डला, कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात, अरुंद पन्ह्याच्या मागावर विणलं जाणारं हे चोळीचं कापड. आपल्या आज्या-पणज्यांच्या अंगावर असायचं. मधल्या काळात ते फक्त ओटीत उरलं. मग परत आलं आणि आता खणाचे कुर्ते, जॅकेट, बॅगा, मोबाइलची कव्हरं. मला आनंदच आहे. पण दिवाळीत फडके रोडवर जो ‘खण’ दिसतो त्यात पॉलिस्टरवर छापलेला किती आणि विणलेला किती? हेही उलटं करून कळतं. विणलेल्या खणाच्या उलट बाजूला नक्षीचे धागे दिसतात. छापलेल्याची उलट बाजू फिकट आणि कोरी. पैठणीचं तसंच. हातमागाच्या पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखा दिसतो. मागे लोंबणारे, कातरलेले धागे दिसले तर ते मशीनचं काम. दुकानदार ‘सेमी’ म्हणतो तेव्हा त्या एका शब्दात बरंच काही झाकलेलं असतं.

आता थ्रिफ्ट. इन्स्टावर रात्री नऊला ‘ड्रॉप’ पडतो, ‘डीएम टू क्लेम’, पाच मिनिटांत सोल्ड आउट. छान आहे, मीही दोन शर्ट घेतलेत. पण हे आपण शोधून काढलं असं जे वातावरण असतं ना, त्याचं मला हसू येतं. कारण आमच्या बिल्डिंगमध्ये दुपारी तीन वाजता बोहारीण यायची. डोक्यावर टोपली, टोपलीत स्टीलची पातेली, डबे, चाळण्या. दारात बसायची. आई जुन्या साड्या, पँटी काढायची. मग सुरू. “ताई, एवढ्यात हा डबा नाही परवडत, अजून एक जरीची द्या.” “मावशी, ही एकदाच नेसलेली आहे, नीट बघा तरी!” मावशी काय करायची? साडी उलटी करायची. फाटलंय का, काखेत डाग आहे का, जर खरी आहे का. दोन सेकंदांत भाव. खऱ्या जरीतून चांदी निघते म्हणून तिचा डोळा आधी काठावर.

हा धंदा प्रामुख्याने देवीपूजक समाजाच्या बायकांनी चालवला. गुजरातमधून आलेला हा समाज, पूर्वी त्यांना वाघरी म्हणत. दारोदार गोळा केलेला कपडा त्या निवडतात, धुतात, शिवतात, इस्त्री करतात आणि जुन्या कपड्यांच्या बाजारात विकतात. जे घालण्यालायक नाही ते चिंध्या म्हणून पुढे जातं. लोकरीचं असेल तर पार पानिपतपर्यंत, तिथे जुनी लोकर पिंजून तिची घोंगडी बनतात. लूसी नॉरिस नावाच्या अभ्यासक बाईंनी भारतातल्या जुन्या कपड्यांच्या या सगळ्या साखळीवर 2010 मध्ये इंग्रजीत अख्खं पुस्तक लिहिलंय. आमच्या कॉलेजच्या वाचनालयात ते ‘सस्टेनेबिलिटी’च्या कपाटात आहे. ज्या बाईचा धंदा त्यात आहे, तिला आमच्या सोसायटीने आता गेटवरच अडवलंय. ॲपवर नोंद नाही म्हणून.

तर तो कोट. आईचं म्हणणं होतं की बोहारीण येत नाही, तर अनाथाश्रमात देऊन टाकू, जागा तरी होईल. मी तो कॉलेजच्या फायनल प्रोजेक्टला घेतला. विषय होता ‘जुन्या कपड्यातून नवा’. आता अशा विषयाला वर्गात काय करतात, तर फाडतात. डिकन्स्ट्रक्शन. बाह्या काढ, कॉर्सेट कर, अर्धा कोट अर्धा स्कर्ट, कच्चे दोरे बाहेर लोंबत. फोटोला भारी दिसतं. माझ्या एका मैत्रिणीने आजीचं इरकल लुगडं कापून क्रॉप टॉप केला आणि तो खरंच सुंदर झालाय, खोटं कशाला बोलू.

मी सरांना सांगितलं, मी कापणार नाही. एक इंचही नाही. फक्त त्यातल्या मायेवर काम करणार. सर म्हणाले, “मग ते ऑल्टरेशन झालं. डिझाइन कुठाय?”

हा प्रश्न बरोबर आहे, आणि मला त्याचं उत्तर देता आलं पाहिजे. मला असं वाटतं की त्या शिंप्याने 1976 मध्ये जेव्हा दीड इंच आत दुमडलं, तेव्हाच त्याने डिझाइन केलं होतं. न जन्मलेल्या माणसासाठी. आता ते वाचायला येतं का, हा माझा भाग आहे. मी कोट फाडून स्वतःचं नाव लावू शकते, पण मग माझ्यानंतर त्याचं काहीच होणार नाही. शेवटची मी.

आजीला विचारलं. मला वाटलं ती भावुक वगैरे होईल. ती म्हणाली, “काप नाहीतर ठेव, पण घाल बाई. ते तीनदा घातलं असेल त्यांनी. उकडायचं त्यांना त्यात.” ठाण्याच्या हवेत लोकरीचा कोट! आयुष्यभर लोकर विणली आणि घालायला थंडी नाही.

मग मी तो आमच्या नाक्यावरच्या शिंपीकाकांकडे नेला. काका आता नवं काही शिवत नाहीत. मशीन एक, फळी एक, आणि दिवसभर मॉलमधल्या पँटी आखूड करणं, चेन बदलणं. त्यांनी कोट हातात घेतला आणि (शपथ) आधी उलटा केला. काठावरचं नाव वाचलं. बोटाने माया मोजली. मग म्हणाले, “खांद्याला हात लावायचा नाही. खांदा उसवला की कोट मेला. बाकी सगळं होईल.” म्हणून खांदे आजोबांचेच राहिले, थोडे उतरलेले, जे आजच्या फॅशनला नेमके चालतात. पाठ आणि बाजू आत घेतल्या. बाह्या आतून दुमडल्या. काहीही कापलेलं नाही, म्हणजे आता आत माया आधीपेक्षा जास्त आहे. मी काढली तर आजोबांच्या मापाचा कोट परत मिळतो. माझ्यापेक्षा जाड, उंच, कोणालाही तो होऊ शकतो.

एकच गोष्ट मी नव्याने घातलीय. अस्तराच्या आत, छातीपाशी, एक सुती पट्टी. त्यावर दोऱ्याने भरलंय: पाठ किती, बाजू किती, बाही किती माया आहे, आणि कुठली शिलाई 1976 ची आणि कुठली माझी. माझी लाल दोऱ्याने आहे, म्हणजे पुढच्याला उसवताना घोळ नको.

तुम्ही जुनं काही घ्यायला निघाला असाल तर पटापट सांगते. लोकरीचं असेल तर उजेडासमोर धरा, कसर लागलेली असेल तर बारीक भोकं दिसतील. घरी आणल्यावर पिशवीत घट्ट बांधून काही दिवस फ्रीजरमध्ये ठेवा आणि आईला आधी सांगा. काखेत कापड विरलेलं असेल तर सोडून द्या, रफू तिथे टिकत नाही. माप छोटं असेल तर आत माया आहे का बघा. मोठं असेल तर खांदा बघा, बाकीचं शिंपी बघेल. नव्या कपड्यालाही हेच लावा. महाग ब्रँडच्या शर्टात अर्धा सेंटिमीटर आणि रस्त्यावरच्या एक्सपोर्ट सरप्लसमध्ये दुप्पट माया असं मी स्वतः बघितलंय.

आणि एक काम करा. घरातला सगळ्यात जुना आणि सगळ्यात नवा कपडा घ्या, दोन्ही उलटे करा, पट्टीने माया मोजा आणि आकडे मला पाठवा. मी ज्युरीला तो तक्ता लावणार आहे. नाव नको, फक्त साल, गाव आणि सेंटिमीटर.

ज्युरी शुक्रवारी आहे. कोटाची शेवटची फिटिंग बुधवारी, असं काका म्हणालेत. आता शिंप्याचा बुधवार म्हणजे कुठला बुधवार, हे तुम्हाला माहितीच आहे.